तीन हात फिल्म

मंचरच्या आमच्या घरात माणसं दोन आणि प्रोजेक्टर सतरा. थिएटरातले अगडबंब नव्हेत. घरगुती, आठ मिलिमीटरची फिल्म चालवणारे, शिलाई मशीनएवढे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी ज्यांच्या घरचं कोणी बोटीवर नोकरीला होतं किंवा ज्यांचा दवाखाना बरा चालायचा, अशा घरांत ते यायचे. पोराचं बारसं, दारातला नवा बैल, असं काहीबाही कॅमेऱ्यानं टिपायचं आणि भिंतीला चादर लावून सगळ्यांनी बघायचं. पुढे बल्ब उडाला, पट्टा तुटला, की यंत्र माळ्यावर जायचं. माळ्यावरून ते खाली उतरवून आणायचं, हा माझा नाद. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेचा प्रोजेक्टर बंद पडला की तो उघडायला पुण्याहून माणूस यायचा आणि मी शेजारी उभी राहून बघायचे. तिथूनच ही खोड लागली.

घ्यायला गेलं की यंत्राकडे बघायचंच नाही, हे मी पहिल्या दोन-तीन फसगतींत शिकले. आधी घरच्यांचं क्षेमकुशल, मग जुन्या पितळेच्या डब्यांची चौकशी, आणि उठता उठता, "ते कोपऱ्यात काय पडलंय हो?" आमचे हे म्हणतात, माझ्याएवढं खोटं बोलणारी मास्तरीण साऱ्या आंबेगाव तालुक्यात सापडणार नाही. बोलोत. साठी उलटलेल्या माणसाला एवढी सूट असावी.

यंत्र घरी आणलं की ते चालतंय का हे बघायला फिल्म लागते. चांगली फिल्म घालायची सोय नसते. जुन्या यंत्राचे दात फिल्मच्या कडेची भोकं कधी फाडतील सांगता येत नाही. म्हणून आमच्या या नादातले सगळेच एक करतात: यंत्राबरोबर आलेलं एखादं बेवारशी रीळ घ्यायचं, त्याची हात-दोन हात पट्टी कापायची आणि ती तपासणीला वापरायची. खराब झाली तर झाली.

माझी पट्टी तीन हातांची होती. चालवली की वीस-बावीस सेकंदांत संपायची. त्यात एक बाई दारातून बाहेर येते. डोक्यावर घागर, अंगावर फिकट साडी. पायरी उतरताना जरा थांबते, मग कॅमेऱ्याकडे चालत येते. जवळ आल्यावर तिला हसू येतं, ती मान वळवते आणि बाजूने निघून जाते. पाठीमागे शिवनेरीची कड. ऊन इतकं लख्ख, की लेन्स तपासायला याहून बरं चित्र मिळालं नसतं. तिच्या पदराची कड स्पष्ट दिसली की लेन्स चांगली. पाऊल अडखळत पडलं की पट्टा सैल. आठ वर्षं मी तिच्यावरच सगळी यंत्रं तपासली. आमचे हे म्हणायचे, "त्या बाईला पगार चालू कर आता. रोज पाणी भरतीय बिचारी."

गेल्या उन्हाळ्यात जुन्नरहून फोन आला. तिथल्या पेठेत बांगड्यांचं दुकान असलेले एक गृहस्थ, त्यांच्याकडून मी आठ वर्षांपूर्वी प्रोजेक्टर घेतला होता. त्यांचे चुलते बोटीवर आचारी होते, त्यांनी तो आणलेला. यंत्राबरोबर एक डबाही दिला होता, आत एक रीळ. "त्यात काय नाय बाई, जुनं कायतरी हाय," म्हणाले होते.

फोनवर आवाज पडलेला. म्हणाले, "बाई, ते रीळ हाय का वो तुमच्याकडं? आमची फुफी, म्हंजी वडलांची भैन, ती आजारी हाय. काल बोलता बोलता म्हनली, चाचानं आपाच्या आईला चालताना काडलं व्हतं त्या मशीनमदी. आमाला ठावंच नव्हतं."

आपा म्हणजे त्यांची थोरली सावत्र बहीण. ती सात-आठ महिन्यांची असताना तिची आई गेली. यांची आई नंतर आलेली. आपाच्या आईचा घरात एकच फोटो, खुर्चीत बसलेला. "समदी म्हनत्यात, आपा, तू थेट आईवानी चालतीस. ती म्हनती, मरायच्या आत येकदा बघू तरी द्या, कशी चालत व्हती."

"रीळ आहे," मी म्हटलं. "तुम्ही निश्चिंत राहा." फोन ठेवला आणि मग आठवलं. रीळ होतं, पण माझी पट्टी त्याच रिळाची होती.

तरीही वेडी आशा. डबा काढला, रीळ चालवलं. विहिरीवरची माणसं, एक बोकड, छत्री घेतलेले म्हातारेबुवा, गोट्या खेळणारी पोरं. साडेतीन मिनिटांत एकही बाई नाही. तेच दार मात्र चार वेळा दिसलं, तीच पायरी. म्हणजे ज्या तीन हातांत आपाची आई होती, नेमके तेवढेच मी कापले होते. आणि का, तर चित्र छान उठतंय म्हणून!

स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता. आयुष्यभर पोरांना सांगत आले, आधी पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा. आणि मी पहिले तीन हात बघून कात्री चालवली. आमचे हे समजूत काढायला आले, "अगं, पट्टी जोडून टाक पुढे. कोणाला कळतंय?" त्यांच्यावरही ओरडले. कारण खरी गोम त्यांना ठाऊक नव्हती. पट्टी घरात नव्हतीच.

महिन्यापूर्वी घोडेगावच्या माझ्या नादबंधूंनी, म्हणजे एसटीतून निवृत्त झालेल्या एका मेकॅनिकनी, एक यंत्र घेतलं होतं. ते तपासायला मी पट्टी दिली होती. त्यांना फोन लावला.

"ती बाई व्हय?" ते म्हणाले. "तिला या मशीननं लई चावली बगा. तुकडं झालं. टाकली का ठिवली, आता ध्यानात न्हाई. सकाळच्याला बघून सांगतो."

सकाळपर्यंत कोण थांबतंय. पहिली गाडी पकडून मीच घोडेगावात हजर. ते दारात दात घासत उभे. मी 'नमस्कार'सुद्धा म्हटलं नाही. ते आत गेले. खुडबूड ऐकू येऊ लागली. डबे सरकले, पत्रा वाजला, बायकोला विचारून झालं. मी ओट्यावर बसून होते आणि मनात आपाला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना. तेवढ्यात ते बाहेर आले. हातात कॅलेंडर, आणि त्याच्याच दोऱ्यात अडकवलेले फिल्मचे दोन तुकडे.

"टाकवंना बाई," ते म्हणाले. "इतक्या दिसांची वळख तिची."

माझा जीव भांड्यात पडला. तिथल्या तिथे मला रडू फुटलं. त्यांना वाटलं, तुकडे झाले म्हणून रडतेय. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं, मग चहा, मग पोहे, आणि मी सगळं खाल्लं. आदल्या रात्रीपासून पोटात काही नव्हतं.

पुढचे दोन दिवस भिंगातून बघत पट्टी सांधली. अकरा ठिकाणी भोकं फाटली होती. बारीक टेप लावून ती एकेक करून उभी केली. आठ वर्षांचे ओरखडे मात्र निघण्यातले नव्हते. ते माझेच होते. सगळ्यांत सभ्य यंत्र निवडलं, आठ वर्षांत एकदाही फिल्म न फाडलेलं. आधी त्यात रिळातला बोकडाचा भाग, न कापता, तीनदा चालवून बघितला.

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपून भाऊ बहिणीला घेऊन आले. आम्ही खिडक्यांना गोधड्या लावल्या होत्या. आपा साठीची, बारीक अंगाची. दारातून पलंगापर्यंत चालत आली, तेवढा वेळ माझे डोळे तिच्या पावलांवरच. आत येताना दाराच्या पायरीशी ती जरा थांबली होती. मला काही बघायचं उरलं नव्हतं. मी त्या बाईला शेकडो वेळा तिथंच थांबताना पाहिलं होतं.

तरी आधी सगळं सांगून टाकलं. कापली, वापरली, फाटली, जोडली. भाऊ जमिनीकडे बघत राहिले. आपाने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता हाय का नाय?"

"आहे."

"मंग लावा की."

यंत्र सुरू केलं. चादरीवर दार आलं. बाई आली, पायरीशी थांबली, चालू लागली. ओरखड्यांची जणू सर येत होती, पण पाऊल लख्ख दिसत होतं. ती हसली, मान वळवली, गेली. चादर पांढरी झाली.

मग भाऊ दबक्या आवाजात म्हणाले, "आपा, तूच हायेस की गं."

"पुन्यांदा लावा," आपा म्हणाली.

पुन्हा लावली. पुन्हा. चौथ्या खेपेला बाईला हसू आलं तेव्हा भाऊ पुढे सरकले, "बाई, हितं जरा थांबवा ना. तिला नीट बघू द्या तोंड."

फिल्म थांबवली की बल्बच्या उष्णतेनं तेवढंच चित्र जळतं. हसताना थांबवली असती तर नेमकं तिचं हसूच जळालं असतं. एवढं करून हातचं गेलं असतं. मी तसं सांगितलं आणि माफी मागितली, की या यंत्रात ती थांबू शकत नाही.

आपाची नजर चादरीवरून हलली नाही. चादर केव्हाच पांढरी झाली होती.

"थांबवू नका," ती म्हणाली. "थांबल्याली घरी हायेच. फोटूत पन्नास-साठ वर्सं बसूनच हाय ती. हितं चालतीय, तर चालू द्या."

मी पट्टी पुन्हा ओवली.