डिकीतली बाटली

नव्वदच्या दशकात, आखातात अल हैलला आमच्या वरच्या मजल्यावर एक इंजिनियर राहायचे. ऑक्टोबर लागला की जिन्यात गाठून सांगायचे, "फ्रान्सात आता द्राक्षतोडणी आटपत आली असेल." बाहेर अंग भाजणारं ऊन, समोर खजुराची झाडं, आणि यांना काळजी फ्रान्सची.

परमिटवर घेतलेली वाइन त्यांच्या बायकोला घरात चालत नसे. त्यामुळे ती अख्खा उन्हाळा गाडीच्या डिकीत शिजायची. दिवाळीच्या फराळाला ते ती कापडी पिशवीतून आमच्याकडे आणायचे. "चकलीला लाल, करंजीला पांढरी," असं बजावून दोन्हींबरोबर लालच ओतायचे. पहिल्याच घोटाला आमचे डोळे गच्च मिटायचे. त्याला ते रसिकता समजत.

एका दिवाळीला आम्ही जवळच्या सीब गावच्या बाजारातल्या कासमचाचांना बोलावलं. चाचा रत्नागिरीचे, पाची वेळा नमाज पढणारे. इंजिनियर दारात आले, आत चाचांना पाहिलं आणि पिशवी मुकाट्याने चपलांमागे ठेवली. मग माझ्या बायकोने केलेलं कोकम सरबत उचलून त्याच तोऱ्यात सुरू झाले, "चाचा, चकलीला बर्फ घालून घ्या, करंजीला बर्फाशिवाय." चाचांनी गंभीरपणे दोन्ही करून पाहिलं आणि मान डोलावली.

निघताना चाचांचा पाय पिशवीला लागला.

"साहेब, ह्यात काय आहे?"

"व्हिनेगर, चाचा."

इतक्या वर्षांत त्या बाटलीबद्दल ते पहिल्यांदाच खरं बोलले.