गव्हाचं वजन आणि दुधाचं माप

या मार्चमध्ये दौलताबादला शेतावर गेले ती माझ्या स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पिशवीत घालून. उस्मानपुऱ्यातून निघतानाच यादी केली होती: काटा, जादा सेल, लाकडी पट्टी, कॅल्क्युलेटर, वही. थोरल्या जाऊबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, “तू ये. यांच्यावर माझा भरवसा नाय.”

प्रकरण असं होतं. विहिरीजवळच्या वावरात यंदा जाऊबाईंनी हट्टानं गहू पेरला. भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, तिथं मका हवा होता. गहू पोसला नाही, फोफसा निघाला, असं ते काढणीपासून म्हणत होते. शेवटी ठरलं की गहू मापून बघायचा. शेतकरी गटाच्या बैठकीत ऐकलेला आकडा दोघांना मान्य होता: शंभर लिटरला अठ्ठ्याहत्तर किलो. तेवढा भरला तर पुढच्या वर्षीही वावर जाऊबाईंचं. कमी भरला तर मका. पंच मी.

लिटरचं माप घरातच होतं. भाऊजी रोज ज्यानं गल्लीत म्हशीचं दूध घालतात, ते ॲल्युमिनियमचं, दांड्याचं. मी हिशेब समजावला: एका लिटर गव्हाचं जे वजन येईल त्या ग्रॅमना दहानं भागायचं, की शंभर लिटरचे किलो मिळतात.

“आन् बाकीचं नव्व्याण्णव लिटर कुठंय?” भाऊजींनी विचारलं.

पोत्यात आहे, असं मी सांगितलं. त्यांनी पोत्याकडे बराच वेळ संशयानं पाहिलं.

पहिलं माप जाऊबाईंनी भरलं. ‘एक’ न म्हणता शकुनाचं ‘लाभ’ म्हणून ओतलं, माप जमिनीवर तीनदा आपटलं, वर पुन्हा ओतलं आणि त्यावर छान टोकदार शीग लावली. मापाचं वजन वजा जाता आठशे अडुसष्ट ग्रॅम. म्हणजे शहाऐंशी पूर्णांक आठ.

“हा गहू नाय, छर्रे हायेत,” भाऊजी म्हणाले.

मी म्हटलं, शीग चालत नाही, पट्टी फिरवायची. जाऊबाईंनी पट्टी माझ्या हातातून काढून पाठीमागे धरली. त्यांच्या माहेरी शेजारणीला उसना गहू देतानासुद्धा कुणी सपाट माप दिलं नव्हतं. धान्याच्या डोक्यावरून पट्टी फिरवली की घरातली बरकत जाते, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. हे उसनं द्यायचं नाही, नुसतं मोजायचं आहे, हे पटवायला एक चहा गेला. मग त्यांनी तोंड दुसरीकडे करून पट्टी फिरवली, पण आपटणं सोडलं नाही. एक्याऐंशी.

आता भाऊजी बसले. त्यांनी गहू असा अलगद सोडला की जणू बाळ पाळण्यात ठेवतायत. पट्टी मात्र धरली तिरकी. मापाच्या मधोमध चांगला खड्डा पडला. साडेत्र्याहत्तर.

“बघ,” ते मला म्हणाले, “मका.”

“ती पट्टी हाय का कुदळ?” जाऊबाई म्हणाल्या.

मी दोघांना बाजेवर बसवलं आणि हात लावायचा नाही असं बजावलं. गहू पाखडला. माप फरशीवर ठेवलं. वीतभर उंचीवरून एकसारखी धार सोडली, न आपटता, न दाबता, आणि पट्टी काठाला टेकवून एकदाच ओढली. तीनदा केलं. तिन्ही वेळा सातशे बासष्ट. शहात्तर पूर्णांक दोन.

भाऊजी विहिरीकडं बघत हसले. जाऊबाई उठून पोत्याचं तोंड बांधायला लागल्या. त्यांचा चेहरा मला बघवेना. म्हणून मी वहीत डोकं घातलं, आणि तिथं माझीच चूक सापडली. काटा तपासून आणला होता, पट्टी सरळ आहे का ते पाहिलं होतं, माप मात्र तपासलंच नव्हतं.

काठोकाठ पाणी भरून ते काट्यावर ठेवलं. लिटरभर पाणी हजार ग्रॅम भरायला हवं. भरलं नऊशे साठ.

मापाचा तळ आत गेलेला होता. म्हशीचा खुंटा ढिला झाला की भाऊजी हाताला येईल त्यानं ठोकतात, आणि धारेच्या वेळी हाताला हेच येतं. सातशे बासष्टला नऊशे साठनं भागून शंभरनं गुणलं. एकोणऐंशीच्या वर.

“काटा बिघडला असंल,” भाऊजी म्हणाले.

जाऊबाई बांधलेलं पोतं सोडून आल्या. माप उलटं करून त्यांनी पोचा अंगठ्यानं चाचपला.

“माप पुरं आसंल तर माझा गहू हलका,” त्या सावकाश म्हणाल्या. “गहू भारी आसंल तर माप खोटं. कोणतं म्हणता, अहो? गल्लीत जे सांगायचं ते आत्ताच ठरवा.”

भाऊजींनी अंगणात नजर फिरवली. सगळी गल्ली त्यांच्याच दुधाचा चहा पिते.

“लई भारी हाय गहू,” ते म्हणाले. “मी कधी नाय म्हणलो?”

मी एकोणऐंशी पूर्णांक चार लिहून खाली दोघांच्या सह्या घेतल्या. निघताना जाऊबाई पुढच्या पेरणीसाठी किती बियाणं राखायचं ते विचारत होत्या. भाऊजी गोठ्यामागं बसून, आम्हाला ऐकू येऊ नये इतक्या हळू, मापात गोटा घालून तळ बाहेर ठोकत होते.