ढाब्यावरचा भोंगा

वणीला कोळशाच्या ट्रकांचे रांगेतले नंबर दाखवणारं ॲप आमच्या ऑफिसानं लिहिलं. त्याआधी ते काम ढाब्यावरचा एक भोंगा करायचा. ट्रक ढाब्यावर उभे, खाण तिथून लांब. नंबर आला की भोंग्यावरून गाडी पुकारायची. भोंगेवाला पानटपरीवर रमला की भोंगा गप्प. मग ड्रायव्हर त्याला शिव्या घालत स्वतःच खाणीच्या वजनकाट्यापर्यंत चक्कर मारून यायचे. भोंगा कामचुकार होता, पण खोटारडा नव्हता.

आमच्या साहेबांना हा फरक कळणं शक्यच नव्हतं. त्यांना फक्त वेग कळायचा. दर वेळी डेटाबेसला विचारायला नको म्हणून त्यांनी ट्रकांची रांग तीन मशीनच्या मेमरीत वाटून ठेवली. याला कॅश म्हणतात, आणि त्यात वाईट काही नाही. आमचा प्रोग्रॅम त्या मशीनशी एका क्लायंट लायब्ररीमार्फत, म्हणजे मधल्या तयार कोडमार्फत, बोलायचा. लायब्ररी बिचारी शहाणी होती. संपर्क तुटला तर तसं सरळ कळवायची. साहेबांनी तिचं तोंड दाबलं. संपर्क तुटला तर जवळची जुनी प्रत द्यायची आणि चूप बसायचं, अशी सेटिंग केली. ती प्रत कधी बाद करायची, याची मुदतसुद्धा ठेवली नाही.

मी म्हटलं, "साहेब, अशा वेळी 'माहिती मिळत नाही' एवढं तरी दाखवू."

"कोरं पान दाखवलं की आपली इज्जत जाते," ते म्हणाले. "काहीतरी दिसलं पाहिजे."

रस्ता माहीत नसताना ऐटीत हात दाखवणारी माणसं मी आमच्या जिल्ह्यात खूप पाहिली आहेत. पण ती निदान त्याला तंत्रज्ञान म्हणत नाहीत. ॲप सुरू झालं त्याच आठवड्यात साहेबांनी भोंगा उतरवायला लावला.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी घाटंजीचे एक ड्रायव्हरचाचा ऑफिसात आले. लग्नानंतर त्यांची मुलगी पहिल्यांदाच ईदला माहेरी आली होती. माल भरायचा, उतरवायचा आणि रात्री घर गाठायचं, एवढाच त्यांचा बेत. सकाळपासून मोबाइलवर सातवा नंबर दिसत होता, म्हणून ते ढाब्यावर बसून राहिले. खरा नंबर केव्हाच येऊन गेला होता. काट्यावर गाडी नाही म्हणून ती रांगेच्या शेवटी टाकली गेली. आता भरणार उद्या संध्याकाळी.

"सायेब, मले एवढंच सांगा," चाचा म्हणाले, "माहा नंबर गेला कुठी?"

साहेबांनी त्यांचा मोबाइल घेतला, पान पुन्हा उघडलं आणि कौतुकानं त्यांच्यासमोर धरलं. "बघा, किती पटकन उघडतं."

उघडलं खरं पटकन. सातवा नंबर.

"साहेब, संपर्क सकाळीच तुटलाय," मी म्हटलं. "हे सकाळचं पान आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या माणसाची किळस आली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. चाचांनी तो परत घेऊन स्पीकर लावला. मुलगी घाटंजीला बसून त्याच ॲपवर बापाचा नंबर पाहत होती.

"अब्बू, सातवा नंबर है ना? रात तक आ जाओगे?"

चाचांनी मोबाइल साहेबांपुढे धरला. "तुमीच सांगा तिले."

"हो हो, येतील रात्रीपर्यंत," साहेब म्हणाले. विचार करायला क्षणभरही थांबले नाहीत.