पिओनीची कळी आणि माझ्या मुंग्या

हे तुम्हाला सांगावं की नाही, याचा मी बरीच वर्षं विचार केला. पण आता चहा ओतलाच आहे, तर ऐका माझा मूर्खपणा.

मी तेव्हा ठाण्याच्या कचेरीत कारकून होतो. फुलझाडांची रोजनिशी ठेवायची मला सवय. मोगऱ्याला कळी कधी धरली, अनंत कधी फुलला, सगळं तारीखवार. त्यामुळे आमच्या साहेबांच्या मडमेला वाटे, या माणसाला फुलांतलं कळतं. मलाही तसंच वाटे.

बाईंना त्यांच्या बहिणीनं हिमालयाकडच्या थंड गावाहून एक कुंडी पाठवली होती. पिओनी नावाचं विलायती झाड, त्याला लिंबाएवढी एकच कळी. झाड त्यांच्या आईच्या बागेतलं; आई आदल्या वर्षीच वारलेली. आमच्या उकाड्यात ते पुन्हा कळी धरणार नाही, हे बाई जाणून होत्या. साहेबांबरोबर कल्याणकडे फिरतीवर निघताना त्यांनी कुंडी माझ्या घरी पोचवली आणि मोडक्या हिंदुस्थानीत बजावलं, की कळीवर मुंग्या आल्या तर झटकू नका, आईच्या बागेत त्या नेहमी असत.

यावरून मी काय समजावं? की मुंग्यांशिवाय हे फूल उघडतच नाही!

दोन दिवस झाले, कळीवर एक मुंगी नाही. गूळ लावून पाहिला. घरातल्या मुंग्यांनी गूळ नेला, कळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. म्हटलं, एवढ्या घट्ट कळीला दमदार मुंग्या हव्यात. परसातल्या आंब्यावर तांबड्या मुंग्यांचं पानांचं घरटं होतं. ते मी फांदीसकट कापून कुंडीला बांधलं. मधल्या वेळात बंडी काढून अंगणात जो काही नाचलो, तो अख्ख्या आळीनं पाहिला.

"घरात मुंगी दिसली की मला राख टाकायला लावता," बायको म्हणाली, "आणि या पाहुण्या कशाला?"

"अगं, त्या कळी उघडणार आहेत."

"मग माझ्या पेटाऱ्याचं कुलूपही सांगा त्यांना. किल्ली सापडत नाहीये."

मी लक्ष दिलं नाही. रोजनिशीत लिहिलं, 'मुंग्या कामाला लागल्या.' दुसऱ्या दिवशी, 'पाने ओढून कळीभोवती धरली आहेत. बहुधा थंडीपासून जपत असाव्यात.' चैत्रात, ठाण्यात! पुढे पानांवर पांढरे धागे दिसले. 'रेशमासारखे काही. शुभ लक्षण.'

आठ दिवसांनी बाई स्वतः आल्या. कुंडीत कळी कुठेच नव्हती, होता तो नारळाएवढा पानांचा गोळा. बाईंचा चेहरा उतरला.

त्यांच्याबरोबर बंगल्याचा माळी पास्कल होता, वसईकडचा. त्यानं वाकून पाहिलं.

"रावसाहेब, या शिवणाऱ्या मुंग्या. पानं शिवून घर करतात. त्या कळीवरच्या येगल्या, काळ्या. गोड रसाला येतात. आन नाय आल्या तरी फूल उघडतंच."

त्यानं कात्रीनं एकेक टाका उसवला. आत फूल होतं. चुरगळलेलं, एका बाजूला दबलेलं, पण गुलाबी आणि पुरतं उमललेलं. माझ्या मुंग्यांना न जुमानता. बाईंनी ते हुंगलं, डोळे पुसले, माझ्या सुजलेल्या हातांकडे पाहिलं आणि हसू लागल्या.

मी सुटलो, असं मला वाटलं. पण रात्रीचं जेवण वाढताना बायकोनं अगदी सहज विचारलं, "माझी चोळी उसवली आहे. तुमच्या कारागीर मोकळ्या आहेत का?"