वास नसलेला कागद

चिंचोक्याची खळ रटरटू लागली की तिच्यातून एक तुरट, किंचित करपलेला, देवळातल्या जुन्या समयांची आठवण करून देणारा गंध उठतो. त्यात भिजलेल्या वर्तमानपत्रांचा शाईमिश्रित ओलावा मिसळला की जे काही तयार होते त्याला मराठीत शब्द नाही, आणि असता तरी मी तो वर्गात उच्चारला नसता. मार्गशीर्षातले कोवळे ऊन चित्रकलेच्या खोलीत तिरके उतरले होते आणि आठवीची पोरे कोपरापर्यंत कागदाच्या लगद्यात बुडालेली होती. तो वास इतका दाट होता की बंदराकडे येणारी एक होडी त्याला आपटून माघारी फिरली, असे मी त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सांगितले. सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे हसताना गाल हलतात तेवढे माझे हलले.

मालवणातल्या एका शाळेत मी गेली अनेक वर्षे चित्रकला शिकवतो आणि थापा मारतो. पहिल्या कामाची शासनदरबारी नोंद आहे, दुसरे मी समाजसेवा म्हणून करतो. माझ्या वडिलांनी कर्लीच्या खाडीतली चाळीस फुटी सुसर माणसाळवली होती आणि पावसाळ्यात ते तिच्या पाठीवर भाताची पोती लादून देवबागहून पलीकडे नेत, ही कथा ज्याने ऐकलेली नाही असा मनुष्य या तालुक्यात सापडणे कठीण. ही कथा मी घरी पाहुण्यांना सांगू लागलो की ऐन रंगात स्वयंपाकघरातून, फोडणीच्या आवाजावरून, एकच शब्द यायचा.

"चार."

माझी बायको सुषमा. तांदळातला खडा अलगद उचलून बाजूला टाकावा, तसे ती माझ्या आकड्यातले शून्य उचलून टाकी. रागाने नव्हे, माझी फजिती करावी म्हणूनही नव्हे. केवळ घरात खडा नको म्हणून. पाहुणे खो खो हसत आणि मी मोठ्या दिमाखात पुढचा आकडा फेकी, कारण तो झेलायला आत कुणीतरी आहे हे मला ठाऊक असे. उंच उडी मारणाऱ्याला खालची वाळू ठाऊक असते तसे.

आषाढात ती गेली. थोडक्या आजाराने, फारसा कुणाला त्रास न देता. मी रडलो नाही. तेराव्याला आलेल्या माणसांना मी सुसरीची गोष्टसुद्धा सांगितली, चाळीस फूट म्हटले आणि सवयीने थांबलो. आतून काही आले नाही. तेव्हापासून आकडे मोकाट सुटले आहेत. दाताच्या डॉक्टराने सुई टोचल्यावर गाल कसा होतो, चाचपला तर हाताला लागतो, पण गालाला हात लागत नाही, तसे माझे काहीतरी झाले आणि सुईचा अंमल काही उतरेना.

घरात मासे शिजेनासे झाले, तेही कुणी ठरवून नव्हे. आधी सुतक होते, मग श्रावण लागला, मग गणपती, पितृपक्ष, नवरात्र. आमच्या पंचांगात उपवासाला निमित्तांची ददात नाही. दिवाळीनंतर निमित्त संपले, तरी मी वरणभात रांधीत राहिलो. तसेच वर्तमानपत्राचे. पेपर आला की पहिली घडी तीच मोडायची, समुद्राच्या हवामानापासून निधनवार्तांपर्यंत मोठ्याने वाचायची आणि मग उरलेले जग माझ्याकडे सरकवायची. आता तो रोज दारापुढच्या खळ्यात येऊन पडतो. मी तो उचलतो आणि पडवीतल्या बाकावर ठेवतो, घडी न मोडता. पाच महिन्यांत त्या थप्पीने खिडकी झाकत आणली होती. येथे मी अतिशयोक्ती करीत नाही.

तर वरून कागद आला की विद्यार्थ्यांकडून 'कुटुंब, माध्यम आणि प्राणी' या विषयावर कलाप्रकल्प करवून घ्यावेत. माध्यम म्हणजे काय यावर शिक्षकांच्या खोलीत तीन मते पडली. मी सर्वांत स्वस्त मत उचलले: माध्यम म्हणजे वर्तमानपत्र. प्रत्येकाने घरातले एक माणूस निवडायचे, ते कोणत्या प्राण्यासारखे आहे हे शोधायचे आणि घरच्याच रद्दीच्या लगद्यातून तो प्राणी घडवायचा. रद्दी घरचीच हवी, त्या कागदाला घराचा हात लागलेला असतो, असे मी बजावले. वाक्य मला आवडले म्हणून बजावले. त्यातून पुढे काय उपजणार आहे याची कल्पना नव्हती.

आणि काय एकेक प्राणी घडले! तिरक्या चालीचा काका कुर्ली, म्हणजे खेकडा, झाला, दिवसभर दारात उभी राहून गल्ली न्याहाळणारी आजी बगळा झाली, एका मुलीने आपल्या आईचा आठ हातांचा माकूल केला आणि प्रत्येक हातात एकेक भांडे दिले. देवबागची मृण्मयी, शब्द तोलून वापरणारी आणि दुसऱ्यांचेही तोलून पाहणारी, तिने आजोबांचे कासव केले. गुडघे धरल्यापासून आजोबा घराबाहेर पडले नव्हते, पण या प्राण्यांचे शाळेत भरणारे प्रदर्शन पाहायला बुधवारी रिक्षाने येणार होते.

नियम मलाही लागू होता. मी थप्पीच्या तळातून चार पेपर ओढले, तसेच घडीसकट बादलीत बुडवले आणि सुषमाचा प्राणी करायला बसलो. हातांनी कसलातरी गोळा केला, चार पाय दिले. पुढे सरेना.

"सर, ही म्हस काय?" एकाने विचारले.

"बेडूक आसा रे तो."

"ठरूक नाय अजून," मी म्हणालो, आणि तो गोळा इतरांच्या रांगेत खिडकीखाली वाळत ठेवला.

रविवारी शाळा बंद होती, खिडकी उघडी होती. सोमवारी दार उघडले तर खोलीत रणांगण. बगळ्याची मान नाही, कुर्लीच्या नांग्या मोडलेल्या, माकुलाची भांडी दशदिशांना. लगद्यावर दातांचे बारीक ठसे, आणि कपाटावर एक बोका मिशा पुसत बसलेला.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मालवणातल्या घरची रद्दी म्हणजे काय? तिच्यात सुके बांगडे गुंडाळलेले, तिच्यावर सुंगटे, म्हणजे कोलंबी, निवडलेली, तिने मासे धुतलेल्या हातांचे पाणी टिपलेले. घराचा हात म्हणतात तो हाच. आम्ही अख्खा आठवडा मांजरांसाठी पक्वान्न शिजवत होतो आणि चाळीस नाकांपैकी एकालाही ते कळले नव्हते, कारण इथे माशाचा वास हा वास नसतो, ती हवा असते.

मृण्मयी खिडकीखाली उभी होती. "सर, माजा कासव गेला," ती म्हणाली. "आजो बुधवारी येतलो. तेका काय दाखवू आता?"

मग तिची नजर माझ्या गोळ्यावर गेली. साऱ्या विध्वंसात तो एकटा अखंड होता, एक ओरखडाही नसलेला. तिने तो उचलला, नाकाशी नेला, पुन्हा नेला.

"सर, तुमच्या कागदाक कसलोच वास नाय."

तिच्या बोलण्यात दया नव्हती, निरीक्षण होते. माझ्या घराविषयी गेल्या पाच महिन्यांत अनेकांनी बरेच काही म्हटले होते. इतके नेमके कुणी म्हटले नव्हते. मला वाईट वाटायला हवे होते. मी वाट पाहिली. गाल तसाच.

बुधवारपर्यंत सगळे नव्याने घडवायचे, तर मांजरे न ओढणारा कागद अख्ख्या मालवणात एकाच ठिकाणी होता, आणि तो न मोडलेल्या घड्यांत बाकावर बसून होता. ती थप्पी गेली की पडवीत काय उरेल, हे मला ठाऊक होते. संध्याकाळी मी मुलांना घरी बोलावले.

"पण घरचो कागद होयो म्हणालास ना, सर?" मृण्मयीने उंबऱ्याबाहेरूनच विचारले.

"ह्या पण घरच आसा, गो," मी म्हणालो, आणि त्या वाक्याची मला जराही खात्री नव्हती.

त्यांनी थप्पी खळ्यात नेली. पहिली घडी मोडली तो करकरीत आवाज मी दारातून ऐकला. फाडण्याआधी मृण्मयी वाचू लागली, मोठ्याने, "समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी बोटी पाण्यात घालू नयेत." श्रावणातला कुठलासा दिवस. तो समुद्र केव्हाच खवळून शांत झाला होता, आणि मला कुणी सांगितले नव्हते. बाकावर थप्पीच्या आकाराचा चौकोन स्वच्छ राहिला होता आणि त्याच्यावर, पाच महिन्यांनी, खिडकीतले ऊन पडले होते.

बुधवारी आजोबा आले. कासव कसेबसे वाळले होते, पाठ अजून ओलसर होती. त्यांनी ते मांडीवर घेतले, उलटसुलट पाहिले. "मान आत घेतल्यान नाय ह्या," ते नातीला म्हणाले आणि उठायचे नाव घेईनात. माझ्याभोवती पालकांचा घोळका होता आणि मी जोरात होतो: एकामागून एक तीस मांजरे खिडकीतून आत आली, त्यांचा म्होरक्या वाघाएवढा...

"तीन," मागून जाताना मृण्मयी म्हणाली. "पावलां मोजलंय मी."

घोळका हसला. माझा पुढचा आकडा ओठांवर होता. तो तिथेच राहिला.

घरी जाताना पाय बंदराकडे वळले. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, टोपल्यांतल्या बांगड्यांच्या पाठींवर सायंकाळचा प्रकाश निळाहिरवा थरथरत होता. आमची नेहमीची मासेवाली मला पाहून ओरडलीच, "मास्तरानू! खंय होतास इतके दिवस? किती देव?"

सुषमा किती घेई ते मला ठाऊक नव्हते. एका माणसाला बांगडे किती लागतात, हे मला कधी शोधावेच लागले नव्हते. मी सवयीप्रमाणे तोंड उघडले.

"दे वीस."

आणि थांबलो. बाजाराचा कलकलाट होता, कावळे होते, लिलावाची हाक होती. तिने वर्तमानपत्राचा कागद पसरला आणि मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तिसऱ्या बांगड्याला तिचा हात लागला तेव्हा कुणीतरी म्हणाले, "रवांदे. दोनच."

आवाज माझाच होता. तो ओळखायला मला थोडा वेळ लागला. तिने पुडी बांधून हातात दिली, कागद लगेच ओला झाला, आणि त्या ओलाव्याचा गारवा बोटांना लागला.