जुबैलच्या मेसमधली लाल द्राक्षं

नाशिकच्या माणसाला द्राक्षातलं सगळं कळतं, असा आमच्या साहेबांचा पक्का समज होता. मी इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनियर. घरची दोन एकर बाग होती हे खरं, पण तिथलं माझं काम शाळेच्या सुट्टीत पेट्यांच्या तळाशी कागदाचे तुकडे अंथरण्यापुरतंच. तरीही, सौदीतल्या जुबैलच्या वाळूत रोज एक नवी चिमणी उभी राहत होती त्या वर्षांत, मी आमच्या कॅम्पातला द्राक्षतज्ज्ञ झालो.

याला कारण एक इटालियन. कारखान्याच्या पाइपलाइनचं कंत्राट एका इटालियन कंपनीकडे होतं, तिच्या हाताखाली जोडणी आमची कंपनी करायची, आणि प्रत्येक वेल्ड तपासायला त्यांचा एक साठीचा, पांढऱ्या भुवयांचा इन्स्पेक्टर होता. उत्तर इटलीतल्या डोंगरातला, द्राक्षं पिकवणाऱ्या घरातला. दारूचा थेंबही मिळत नाही अशा देशात त्याला दीड वर्ष झालं होतं. बाकीचे लोक बायकोचा फोटो काढून बघत. हा द्राक्षाच्या जातींची नावं घेत बसे.

एकदा जेवताना त्यानं मला विचारलं, "तुमच्याकडे कुठलं द्राक्ष?"

मी अभिमानानं म्हटलं, "बिनबियांचं. गोड, पातळ सालीचं."

त्यानं चमचा खाली ठेवला. "बी नाही, साल नाही. मग उरलं काय? साखरेचं पाणी!"

मी दुखावलो, पण त्याचं ऐकायला लागलो. तो मोडक्या इंग्रजीत सांगायचा. त्याच्या गावचं नेबिओलो हे द्राक्ष सगळ्यांच्या आधी फुटतं आणि सगळ्यांच्या नंतर, ऑक्टोबरच्या धुक्यात पिकतं. त्याच्या वाइनचा रंग इतका फिका की नवख्याला वाटावं, पाणी मिसळलंय. पण घोट घेतला की कच्चं जांभूळ चावल्यासारखी जीभ आवळून येते. दहा वर्षं थांबलं की तिला गुलाबाचा आणि डांबराचा वास येतो.

"डांबराचा?" मी विचारलं.

"चांगल्या डांबराचा," तो गंभीरपणे म्हणाला.

ही खबर आमच्या साहेबांपर्यंत गेली. साहेब पुण्याचे. आयुष्यात चहाखेरीज कशाला तोंड न लावलेले. त्याच सुमारास कुणीतरी त्यांच्या कानात घातलं की कामाच्या पुढच्या टप्प्यात कुणाला ठेवायचं हे इटालियन ठरवणार. दुसऱ्या दिवशी मेसच्या फळ्यावर नोटीस लागली: दर शुक्रवारी सकाळी दहा वाजता इटालियन द्राक्षांवर व्याख्यान, उपस्थिती आवश्यक.

मी म्हटलं, "साहेब, या देशात हा विषय जरा..."

"अहो, माहिती घेतली म्हणून कुणाचा इकामा, राहण्याचा परवाना, जात नाही," साहेब म्हणाले. "घोट घेतला की जातो. आपण फक्त माहिती घ्यायची."

अशा रीतीनं सुट्टीच्या दिवशी तीस माणसं स्टीलच्या ग्लासात डब्यातला द्राक्षाचा रस घेऊन बसू लागली. म्हातारा इन्स्पेक्टर खुशीत आला. दोल्चेत्तो म्हणजे 'छोटं गोड', पण त्याची वाइन गोड नसते. लवकर पिकतं, लवकर प्यायचं. बार्बेरा रंगानं गडद, चवीला आंबट, पण तुरटपणा कमी. साहेबांनी वहीत लिहिलं: 'आपले अकाउंटंट.' सांजोवेझे मध्य इटलीभर पसरलेलं आणि प्रत्येक गावात वेगळ्या नावानं नांदणारं. साहेबांनी लिहिलं: 'मॅनपॉवर एजंट.' प्रिमितिव्हो दक्षिणेतलं, भराभर पिकून साखरेनं भरतं, पण एकाच घडात काही मणी हिरवे तर काही सुकलेले. याच्यासमोर साहेबांनी आमच्या डिझाइन विभागाचं नाव घातलं.

मॉन्तेपुल्चानोच्या दिवशी मात्र सगळे घसरले. या नावाचं एक द्राक्ष आहे आणि याच नावाचं एक गाव आहे, पण त्या गावची वाइन या द्राक्षाची नसतेच, ती सांजोवेझेची. साहेबांनी हे तीनदा विचारून घेतलं, तीनदा खोडलं आणि शेवटी म्हणाले, "हे आपण ऑप्शनला टाकू."

या सगळ्यात खरं समजलं ते एकाला. रत्नागिरीकडचा एक वेल्डर होता, पाच वेळा नमाज पढणारा, पन्नाशीचा. तो रसही घेत नसे, दाराशी बसून नुसता ऐके. एकदा इन्स्पेक्टर म्हणाला की नेबिओलोची कलमं लोकांनी जगभर नेली, पण आपल्या डोंगराबाहेर ते फारसं रमत नाही. तेव्हा हा मला म्हणाला, "साहेब, त्याला सांगा, आमच्या हापूसचं पन तसंच हाय. कलम न्या कुठं पन, झाड व्हतं, आंबा व्हत नाय."

मी सांगितलं. म्हातारा उठला, दारापर्यंत गेला आणि त्यानं वेल्डरचे दोन्ही हात हातात घेतले. दोघांत एक शब्दही समान नव्हता. साहेबांनी वहीत काहीच लिहिलं नाही.

मग मिलानहून कंपनीचे एक मोठे अधिकारी यायचं ठरलं. साहेबांनी मेसमध्ये जेवण ठेवलं. वेल्डरला अर्थातच बोलावणं नव्हतं. कुठूनतरी पायाचे ग्लास पैदा करून त्यात तोच डब्यातला रस ओतला. पाहुणे बसले. साहेबांनी ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अहाहा. नेबिओलो. गुलाब, आणि थोडं डांबर."

इन्स्पेक्टरचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. पाहुण्यांनी शांतपणे हवा हुंगली.

"डांबराचा वास येतोय खरा," ते म्हणाले. "बाहेर रस्ता करताहेत."

मग त्यांनी ग्लास बाजूला सारला आणि साधं पाणी मागितलं. पोटाच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी त्यांना सगळंच बंद केलं होतं, आणि तसंही वाइन त्यांना कधी आवडली नव्हती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "तुमचे किती वेल्ड एक्स-रेत नापास झाले?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. बार्बेराचा आंबटपणा आम्हाला तोंडपाठ होता. नापास वेल्डचा आकडा मात्र कुणालाच माहीत नव्हता. तेव्हा म्हातारा इन्स्पेक्टर बोलला. मुख्य लाइनवरचा एकही नाही, तो म्हणाला, आणि ती लाइन ज्यानं जोडली तो माणूस या टेबलावर नाही.

पुढच्या टप्प्याचं काम आम्हाला मिळालं. वेल्डरचा पगार वाढला, आणि इन्स्पेक्टर मायदेशी जाताना त्याला आपलं मनगटी घड्याळ देऊन गेला. एवढं बरं झालं. पण साहेबांनी यातून निष्कर्ष काढला तो असा, की द्राक्षांनी काम केलं.

त्यामुळे गुरू गेल्यावरही वर्ग चालू राहिला. आता साहेब स्वतः शिकवत. चार महिन्यांत नेबिओलो हे एका धरणाचं नाव झालं, दोल्चेत्तो गोड झालं, आणि मॉन्तेपुल्चानो हे कुणा संताचं नाव असल्याचं निश्चित झालं. सुरुवातीला मी चुका दुरुस्त करायचो. मग माझ्या बढतीचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला आणि माझी स्मरणशक्ती मंदावली.

अशात मुंबईहून एक नवा इंजिनियर रुजू झाला. दुसऱ्याच शुक्रवारी त्यानं हात वर केला.

"सर, यातलं तुम्ही काय काय चाखलंय?"

साहेबांनी चष्मा पुसला.

"चव हा स्वतंत्र विषय आहे," ते म्हणाले. "तो आपल्या अभ्यासक्रमात नाही."

महिनाअखेरीस त्या इंजिनियरची बदली वाळवंटातल्या एका पंपिंग स्टेशनवर झाली. त्यानंतरच्या शुक्रवारी साहेबांना ताप होता, म्हणून वर्ग मी घेतला. अल्यानिको हे दक्षिणेतलं द्राक्ष ज्वालामुखीच्या मातीत वाढतं आणि नोव्हेंबरपर्यंत वेलीवर राहतं, हे मी ग्लास फिरवत, डोळे मिटून अशा काही आत्मविश्वासानं सांगितलं, की कुणी एकही प्रश्न विचारला नाही.