सावल्या बंद

खेळ सुरू करून, तो न खेळता नुसत्या सेटिंगमध्ये सुखाने संसार करणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच आहे आणि तो माझा साडू आहे. कड्याला त्यांचं जळालेल्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. हात दिवसभर तांब्याच्या तारेत, जीव मात्र वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या एका बंदूकबाजीच्या खेळात. कॉलेजात असताना बीडच्या एका कॅफेत आम्ही तो समोरासमोर खेळायचो. तेव्हा आम्ही साडू नव्हतो, नुसते शत्रू होतो. पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असतो, सेकंदाला किती चित्रं सरकतात त्याचा. त्याला ते फ्रेम म्हणतात. तो साठावरून अठ्ठावन्नावर आला की साडूंना जेवण जात नाही. कॉम्प्युटरचं झाकण कायमचं काढलेलं आणि घरातला एकमेव टेबलफॅन त्याच्यावर रोखलेला. माणसं घामाने निथळोत, मशीन तापता कामा नये. एका लग्नात मोठ्या पडद्यावर सप्तपदी दाखवत होते, तर हे पंगतीतून खरकट्या हाताने उठले आणि पडदेवाल्याला फ्रेमा तुटायल्यात म्हणून सांगून आले. नवरी पाचव्या पावलावर अडकली होती हे खरं, पण ते साडूंखेरीज कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आमचं सासर त्यांच्याच गल्लीत. त्यामुळे भाऊबीजेला दुपारी दोघी बहिणी भावाला ओवाळायला गेल्या की आमच्या हाती तीन तास लागतात. दोन कॉम्प्युटर वायरने जोडायचे आणि सामना खेळायचा, असं दर वर्षी ठरतं. पण साडू आधी धुकं कमी करणार, मग पाण्यातलं प्रतिबिंब वाढवणार, मग आकडा पडला म्हणून सावल्या अर्ध्या करणार, आणि प्रत्येक बदलाला खेळ बंद करून पुन्हा चालू करणार. तोवर बायका ओवाळून, ताट घेऊन परत दारात. दहा वर्षांत आमचे तीन सामने पुरे झाले असतील. तिन्ही त्यांनी जिंकले.

यंदा त्यांनी नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. महिनाभर फोनवर एकच, पाव्हणं, खेळातलं पाणी बघायला या. मी हो म्हणत होतो आणि मनातून घाबरलो होतो. साखरेच्या दुखण्याने माझ्या डोळ्यांचे पडदे खराब झालेत. अंधुक उजेडात मला माणूस आणि खांब यांतला फरक कळत नाही. हे त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं की मी त्यांचा शत्रू राहणार नाही, पेशंट होणार, आणि कॉलेजातलं उरलेलं एवढं एकच सुखही जाणार, ही भीती.

पाणी खरंच झळकत होतं म्हणे. मी वा वा केलं. सामना सुरू झाला, आणि कमानीखालच्या सावलीत ते माझ्यापुढे उभे असताना मी शेजारच्या पिंपावर गोळ्या झाडत राहिलो. साडूंनी माऊस खाली ठेवला.

"पाव्हणं, पिंपाला कावून मारायलात?"

मग मी सगळं सांगितलं. ते उठून माझ्यामागे आले आणि सेटिंग उघडली. सावल्या बंद. धुकं बंद. ज्याच्यासाठी कार्ड आणलं ते पाणी बंद. रिझोल्युशन तळाला, उजेड शेवटच्या टोकाला. भिंती चुना फासल्यासारख्या पांढऱ्या झाल्या आणि त्या पांढऱ्यावर त्यांचा माणूस काळाकुट्ट उभा राहिला.

"आता दिसतंय?"

मला दिसत होतं. मला हुंदका आला, तो मी खोकल्यात घालवला. कोपऱ्यातला आकडा तीनशेच्या वर गेला होता, जन्मात त्यांनी कधी पाहिला नसेल इतका. तो मलाही दिसला, पण साडूंनी एकदाही तिकडे पाहिलं नाही. त्यांनी आपल्या मशीनवरही सगळं तसंच बंद केलं, सामना बरोबरीचा पायजे म्हणाले, आणि मग मला अकरा वेळा बिनदिक्कत मारलं. मी त्यांना दोनदा मारलं. दोन्ही वेळा त्यांनी मनापासून शिवी दिली. ती ऐकून मला किती बरं वाटलं. त्या दिवशी पहिल्यांदा ताट घेऊन आलेल्या बायकांना दारात थांबावं लागलं.

पुढच्या भाऊबीजेला मला किती दिसेल, ते डॉक्टर सांगत नाहीत. निघताना साडू गाडीपर्यंत आले.

"पुढल्या बारीला खेळातल्या पायांचा आवाज मोठा करून ठिवतो," ते म्हणाले. "कानावर खेळायला या."